समाधान की पगार? आधी सहा महिने कमी पगारात राहून बघा

रविवारी संध्याकाळी पाच वाजले की माझ्या पोटात गोळा यायचा. मुलगा खाली खेळायला गेलेला असायचा, नवरा उद्याच्या डब्याला काय करायचं ते विचारत असायचा आणि मी मनाने सोमवारच्या साडेनऊच्या कॉलवर जाऊन पोचलेली असायचे. चौदा वर्षं मी हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत होते. पगार उत्तम होता. त्या पगारातून धाकट्या भावाचं शिक्षण झालं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वारज्यातलं घर झालं. आता तीन वर्षं मी शाळांमध्ये विज्ञानाचे प्रयोग पोचवणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करते. पगार जवळपास निम्मा आहे.

हे कळल्यापासून ओळखीतले बरेच जण घरी येऊन, नाहीतर रात्री उशिरा फोन करून विचारतात, समाधान बघू की पगार? या प्रश्नाचं थेट उत्तर मी कुणालाच देत नाही. विचारणाऱ्याला आपल्या घराला महिन्याला किती लागतात हे सांगता येत नसतं, आणि नोकरीत नेमकं काय खुपतं हेही धड सांगता येत नसतं. ही दोन उत्तरं हातात आली की निर्णय पुष्कळ सोपा होतो. मला स्वतःला शोधाअंती कळलं ते असं, की मला पगाराने बांधलेलं नव्हतंच. त्या पगाराच्या भरवशावर घेतलेल्या हप्त्यांनी बांधलं होतं. म्हणून पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. राजीनामा त्यात फार उशिरा येतो.

पायरी १: चार आठवडे वही

साधी दोनशे पानी वही घ्या. रोज संध्याकाळी दोनच ओळी लिहा: आज कशाचा त्रास झाला आणि आज कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही. ‘कंटाळा आला’ असं लिहायचं नाही, घडलेली गोष्ट लिहायची. ‘सात वाजता निघणार होते, पावणेसातला क्लायंटने मीटिंग टाकली’ असं.

चार आठवड्यांनी प्रत्येक त्रासापुढे एक शब्द लिहा: काम, माणसं, वेळ किंवा मोल. काम म्हणजे प्रत्यक्ष हातातलं काम. माणसं म्हणजे साहेब, टीम, क्लायंट. वेळ म्हणजे प्रवास, शिफ्ट, रात्रीचे फोन. मोल म्हणजे ‘हे मी कुणासाठी करतेय आणि त्याने कुणाचं काय भलं होतंय’ हा प्रश्न.

माझ्या वहीत कामाचे २० दिवस होते. त्यातल्या ११ दिवसांपुढे ‘वेळ’ लिहिलेलं निघालं. वाकडपासूनचा ट्रॅफिक आणि अमेरिकेच्या वेळेने होणारे रात्रीचे कॉल. ५ दिवसांपुढे ‘मोल’, ३ दिवसांपुढे ‘माणसं’ आणि फक्त एका दिवसापुढे ‘काम’. कोड लिहायचा मला कधीच कंटाळा नव्हता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी टीम बदलून मागितली, आठवड्यातले तीन दिवस घरून काम मिळालं आणि ‘वेळ’ हा त्रास दोन महिन्यांत बराचसा संपला. ‘मोल’ मात्र तसाच राहिला, उलट बाकीचा गोंगाट थांबल्यावर जास्त स्पष्ट ऐकू यायला लागला.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली हेच मांडलं होतं. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांशी आणि हिशेबनिसांशी बोलून त्याने काढलेला निष्कर्ष असा, की माणसाला असमाधानी करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि समाधान देणाऱ्या वेगळ्या. पगार, साहेब, कंपनीचे नियम, कामाची परिस्थिती बिघडली की माणूस वैतागतो. पण त्या सुधारल्या म्हणून समाधान मिळतंच असं नाही. ते मिळतं काम पार पाडल्याने, जबाबदारीने, कुणीतरी दखल घेतल्याने, आणि मुळात कामातून. तुमच्या वहीत ‘माणसं’ आणि ‘वेळ’ जास्त असतील तर क्षेत्र सोडू नका, आधी टीम, शिफ्ट किंवा कंपनी बदला. चुकीच्या साहेबाचा राग काढायला अख्खं करिअर मोडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना नव्या ठिकाणीही साहेब असतोच.

पायरी २: घराचे तीन आकडे

आता घराचा हिशेब. मागच्या बारा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट आणि क्रेडिट कार्डाची बिलं काढून बसा. अंदाजाने लिहू नका, अंदाज नेहमी कमी निघतो.

सगळ्यात जास्त विसरले जातात ते वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च. आमची यादी अशी होती: शाळेची फी ९० हजार, मुदत विमा आणि आरोग्य विमा ५२ हजार, सोसायटीचा मेंटेनन्स ४८ हजार, गणपती आणि दिवाळी ४० हजार, गावी जाणं-येणं ३० हजार, लग्नकार्यं आणि आहेर २५ हजार, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग २२ हजार, घरपट्टी ९ हजार. बेरीज ३ लाख १६ हजार, म्हणजे महिन्याला २६ हजार ३००. मी तोपर्यंत तोंडी सांगायचे त्या ‘घरखर्चात’ यातला एक रुपयाही नव्हता.

हे बारा भाग करून महिन्यात मिळवलं की तीन आकडे काढा. पहिला तगायचा आकडा: सगळी हौसमौज बंद केली तरी जो लागतोच. आमचा ९२ हजार होता. दुसरा रोजचा आकडा: आज जगतो तसं, हप्त्यांसकट जगायला लागतो तो. आमचा १ लाख २८ हजार. तिसरा पुढचा आकडा: मुलाचं शिक्षण आणि आपलं म्हातारपण यासाठी दर महिन्याला बाजूला पडायलाच हवेत ते. आमचे २८ हजार.

रोजचा आणि पुढचा मिळून १ लाख ५६ हजार. नवरा सहकारी बँकेत आहे, त्याच्या हातात ५५ हजार येत. मला मिळू शकणाऱ्या नव्या नोकरीत हातात ८५ हजार आले असते. एकूण १ लाख ४० हजार. तूट १६ हजारांची. हा १६ हजारांचा आकडा मी कागदावर लिहिला आणि खूप वेळ बघत बसले. दोन वर्षं ज्याला ‘अशक्य’ म्हणत होते त्याची किंमत महिन्याला १६ हजार होती.

पायरी ३: पॅकेज बाजूला ठेवा, हातातला पगार मांडा

पगाराची तुलना करताना आपण पॅकेजशी पॅकेज लावतो. तसं करू नका. कर वरच्या टप्प्यात जास्त कापला जातो, त्यामुळे पॅकेज निम्मं झालं तरी हातातले पैसे निम्मे होत नाहीत. मी नोकरी बदलली तेव्हा कराचे टप्पे वेगळे होते, म्हणून २०२५-२६ च्या नव्या कररचनेवर उदाहरण देते.

मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी सोडून वार्षिक पगार २४ लाख धरू. ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की करपात्र रक्कम २३ लाख २५ हजार. त्यावर उपकरासकट कर २ लाख ९२ हजार ५००. मूळ वेतन निम्मं, म्हणजे १२ लाख असेल तर त्याच्या १२ टक्के, १ लाख ४४ हजार, पीएफला जातात. महाराष्ट्रातला व्यवसाय कर वर्षाला २,५००. हातात उरतात १९ लाख ६१ हजार, महिन्याला साधारण १ लाख ६३ हजार ४००.

आता हाच पगार १२ लाख करा. वजावटीनंतर ११ लाख २५ हजार उरतात आणि १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य. पीएफचे ७२ हजार आणि व्यवसाय कर गेला की हातात ११ लाख २५ हजार ५००, महिन्याला ९३ हजार ८००. पॅकेज ५० टक्क्यांवर आलं, हातातला पगार ५७ टक्क्यांवर. हा फरक छोटा वाटेल, पण महिन्याच्या हिशेबात तो १२ हजारांचा आहे.

उलट बाजूही मांडा. पीएफ निम्मा झाला म्हणजे म्हातारपणची पुंजीही त्या वेगाने वाढणार नाही, आणि मालकाचा वाटाही तेवढाच घटला. कंपनीचा आरोग्य विमा, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या आईवडिलांचं त्यातलं नाव, कॅब, जेवण, फोनचं बिल हे सगळं पगाराबाहेरचं असतं आणि गेल्यावरच जाणवतं. प्रत्येकापुढे रुपयांत आकडा लिहा.

पायरी ४: हप्त्यांच्या गाठी सोडवा

आमचं गृहकर्ज ४० लाखांचं होतं, २० वर्षांचं. दर ८.५ टक्के धरला तर हप्ता ३४ हजार ७०० च्या आसपास येतो. सात वर्षं न चुकता हप्ते भरून झाल्यावर मी बँकेत शिल्लक मुद्दल विचारली. सुमारे ३२ लाख ७० हजार. सात वर्षांत २९ लाखांवर रक्कम भरली आणि मुद्दल घटली जेमतेम सव्वासात लाखांनी. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजात जातो हे माहीत होतं, तरी काउंटरवरच्या मुलीने तो आकडा पेन्सिलने कागदावर लिहून दिला तेव्हा घशात आवंढा आला.

एक मुदत ठेव आणि त्या वर्षीचा बोनस मिळून आम्ही ५ लाख एकदम भरले. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. जास्तीची रक्कम भरली की बँक सहसा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते. एरवी ते फायद्याचंच असतं, व्याज जास्त वाचतं. पण तुम्ही कमी पगाराकडे निघाला असाल तर मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून द्या असा लेखी अर्ज करा. आमचा हप्ता त्याने साधारण ५ हजार ३०० ने उतरला. वर गाडीचं कर्ज, ज्याचा हप्ता ११ हजार होता, ते संपवलं. दोन्ही मिळून १६ हजार ३००. वरची तूट आठवा.

क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज असेल तर ते आधी. ते डोक्यावर असताना कमी पगाराच्या नोकरीचा विचारही करू नका. आणि ज्यांचं घर अजून व्हायचं आहे त्यांनी ठरवावं की ते मोठ्या पगारात असतानाच घ्यायचं की मुळात लहान घ्यायचं. नोकरी बदलल्यावर बँक कर्जाची पात्रता नव्या पगारावर मोजते.

पायरी ५: कमी पगाराचा सराव

हीच पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला विचाराल तर सगळं मर्म हिच्यात आहे.

पगार झाला त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी नव्हे, जुन्या आणि संभाव्य नव्या पगारातला फरक वेगळ्या खात्यात वळता करा. त्या खात्याचं कार्ड घरी आणू नका, फोनवर त्याचं ॲप ठेवू नका. उरलेल्या पैशांत सहा महिने जगा. सहा महिने अशासाठी, की त्यात एखादा सण, एखादं लग्न, फीचा एखादा हप्ता आणि घरातली एखादी वस्तू बिघडणं एवढं सगळं येऊन जातं. मी दरमहा ६५ हजार बाजूला टाकायचे.

पहिला महिना उत्साहात गेला. दुसऱ्या महिन्यात इचलकरंजीला चुलतभावाचं लग्न आलं आणि त्या खात्यातून १८ हजार काढावे लागले. तिसऱ्या महिन्यात फ्रीजचा कॉम्प्रेसर गेला, मेकॅनिकने ७ हजार सांगितले, आम्ही नवा न घेता तोच दुरुस्त केला. चौथ्या महिन्यात मुलाने फुटबॉलच्या क्लासचं विचारलं, महिना २ हजार. त्या रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून बसलो. क्लास ठेवायचा ठरलं, महिन्यातून दोनदा बाहेर जेवायला जायचं ते एकदा करायचं ठरलं. मुलाला हे सांगितलं. तो आठ वर्षांचा होता. त्याने विचारलं, “मग पावभाजी घरी करणार ना?” केली.

सगळ्यात जड काय गेलं सांगू? ‘या वेळी मी नाही येत’ हे म्हणणं. टीमने गोव्याची सहल ठरवली तेव्हा मला परवडत होतं, खात्यात पैसे होते, पण सराव मोडायचा नव्हता. मैत्रिणींना कारण सांगताना जीभ जड झाली. कमी पगाराचा खरा ताण पुष्कळदा असा असतो, पोट भरलेलं असतं पण चारचौघांत आपण मागे पडलो असं वाटत राहतं. ते सोसवतं का, हे सरावातच कळतं, कुठल्याही गणितात कळत नाही.

सहा महिन्यांनी त्या खात्यात ३ लाख ६५ हजार होते. ते पुढे आमचा आधार झाले. नोकरी बदलताना तगायच्या आकड्याच्या निदान सहापट रक्कम सहज काढता येईल अशी हवी. बाकीची आम्ही जुन्या बचतीतून पुरी केली.

माझ्या एका सहकारी मैत्रिणीने हाच सराव केला आणि चौथ्या महिन्यात थांबवला. घरात रोज पैशावरून खटके उडायला लागले होते. तिने नोकरी सोडली नाही, प्रॉडक्टच्या टीममध्ये बदली मागून घेतली आणि आज ती खरंच बरी आहे. तिचा सराव माझ्याइतकाच यशस्वी झाला असं मी मानते.

पायरी ६: नव्या कामाची मंगळवार दुपार

आपण स्वप्न बघतो ते नव्या कामाच्या सर्वांत सुंदर तासाचं. मुलांच्या डोळ्यांतलं कुतूहल, शेतातली पहाट, आपल्या कॅफेत दरवळणारा कॉफीचा वास. ते काम करणाऱ्या तीन माणसांना गाठा आणि विचारा, “गेल्या मंगळवारी दुपारी दोन ते पाच काय करत होता?” मी संस्थेतल्या ताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “देणगीदाराला पाठवायच्या अहवालात फोटो चिकटवत होते.” संस्थेतलं निम्मं काम अहवाल, बिलं, प्रवासाचे व्हाउचर आणि मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर वाट बघणं हेच आहे. हे कळूनही जावंसं वाटत असेल तर जा. मी आठ शनिवार त्यांच्याबरोबर मुळशी आणि वेल्ह्याच्या शाळांत गेले. त्याआधी माझं नेमणूकपत्र काढून बाहेरच्या कामाबद्दलचं कलम वाचलं. बहुतेक कंपन्यांत पगारी जोडकामाला मनाई असते. बिनपगारी स्वयंसेवेबद्दलही एचआरला मेल करून लेखी विचारून घ्यावं.

शिक्षक व्हायचं म्हणणाऱ्यांसाठी थोडं स्पष्ट सांगते. अनुदानित शाळेत पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात आणि २०२३ मध्ये वाढवल्यानंतर ते मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार आहे. त्यासाठी पदविका किंवा बी.एड. आणि पात्रता-अभियोग्यता परीक्षांतून जावं लागतं. महाविद्यालयात जायचं तर बऱ्याच ठिकाणी तासिका तत्त्वावर काम मिळतं. सुट्टीत तास नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत. शेतीचं म्हणाल तर ज्याच्या नावावर शेतजमीन नाही त्याला महाराष्ट्रात ती सहज विकत घेता येत नाही, कूळकायद्यात शेतकरी असल्याची अट आहे. घरची जमीन असेल तर आधी सातबारा आणि पाणी बघा, मग राजीनाम्याचं बघा.

पायरी ७: घरच्यांसमोर वही ठेवा

नवरा किंवा बायको पहिल्या पायरीपासून बरोबर हवी. त्यांना नकार द्यायचा पूर्ण हक्क आहे, कारण हप्ता दोघांचा असतो. आईवडिलांना मात्र निर्णय पिकल्यावर सांगा, पण सांगताना वही समोर ठेवा.

माझे बाबा एका सूतगिरणीत कारकून होते. गिरणी बंद पडली तेव्हा अकरा महिन्यांचा पगार थकला होता, त्यातला बराचसा कधी मिळालाच नाही. मी बोलायला लागल्यावर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, बाळ.”

“बाबा, तुम्ही हे आकडे तर बघा.”

त्यांनी चष्मा लावला. एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं, बेरीज तोंडाने पुन्हा केली. मग विचारलं, “घराचं जमेल. पण ती संस्था बंद पडली तर? त्यांच्याकडे पगाराला पैसे किती महिन्यांचे आहेत?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा पायऱ्या झाल्या होत्या आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी संस्थेला विचारलं. त्यांनी न संकोचता लेखापरीक्षित ताळेबंद दाखवला. न्यास म्हणून नोंदलेल्या संस्था असे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे देतातच. एकाच देणगीदारावर सगळं अवलंबून आहे का, करार कधी संपतो, पगार गेल्या दोन वर्षांत कधी उशिरा झाला का, हे तीन प्रश्न कमी पगाराच्या प्रत्येक नव्या मालकाला विचारा. संस्था असो, स्टार्टअप असो की शाळा. उत्तर टाळलं तर समजून घ्या.

पैसाच निवडायचा असेल तर

ते कमीपणाचं नाही, हे मला अगदी मनापासून सांगायचं आहे. माझा मावसभाऊ चाकण एमआयडीसीत रात्रपाळी करतो. काकांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. त्याला दिवसपाळीची, जवळची, आवडीची नोकरी मिळत होती. पगार १४ हजारांनी कमी होता. त्याने नाही म्हटलं. काकांना डायलिसिसला सोडून तो तिथल्या बाकावर झोपतो. पैसा हेच त्या घराचं आजचं समाधान आहे.

‘एका मर्यादेनंतर पैशाने सुख वाढत नाही’ हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. त्याला आधार म्हणून बहुतेकदा डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांचा २०१० चा अभ्यास दिला जातो. अमेरिकेत वर्षाला ७५ हजार डॉलरनंतर रोजच्या मनःस्थितीतला फायदा थांबतो, असं त्यात निघालं होतं. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थला तशी मर्यादा दिसली नाही. मग २०२३ मध्ये कानेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांच्याबरोबर दोन्ही अभ्यास एकत्र तपासले: बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढत राहतं, पण जे मुळातच सर्वांत दुःखी आहेत, साधारण तळचे २० टक्के, त्यांचा फायदा १ लाख डॉलरच्या आसपास थांबतो. आकडे अमेरिकेचे आहेत, इथे तसेच लावू नका. पण रविवारच्या संध्याकाळी पोटात गोळा येत असेल तर पुढच्या पगारवाढीने तो जाईल या आशेवर किती वर्षं घालवायची, याचा विचार जरूर करा.

घरात कमावणारे तुम्ही पहिलेच असाल, कर्ज असेल, आजारपण असेल, किंवा नोकरीला लागून चार-पाच वर्षंच झाली असतील तर पैसा आणि कौशल्य दोन्ही साठवा. फक्त तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा: कशासाठी, किती आणि कधीपर्यंत. ‘बहिणीचं शिक्षण, ९ लाख, जून २०२९’ असं. ही ओळ नसली की ‘थोडे दिवस’ म्हणून धरलेली नोकरी वीस वर्षं होते.

राजीनाम्याआधीचे कागद

ग्रॅच्युइटी: कायम नोकरीत सलग ५ वर्षं झाली की मिळते. शेवटचं मासिक मूळ वेतन आणि महागाई भत्ता गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. मूळ वेतन १ लाख असेल तर ५ वर्षांचे २ लाख ८८ हजार होतात. चार वर्षं झाली असताना वैतागून राजीनामा देणाऱ्याने हा आकडा एकदा लिहून बघावा.

पीएफ काढू नका, यूएएनवरून, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावरून, नव्या खात्यात वळवा. सलग ५ वर्षं होण्याआधी काढला तर कर लागतो. पेन्शनला पात्र व्हायला १० वर्षांची सेवा लागते, आणि जुनी सेवा नीट वळवली तर ती मोजली जाते.

आरोग्य विमा नोकरीत असतानाच स्वतःचा घ्या. कंपनीचा विमा शेवटच्या दिवशी संपतो. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३ वर्षांचा प्रतीक्षाकाळ असू शकतो, म्हणून जितक्या लवकर सुरू कराल तितका तो लवकर सरतो. कंपनीच्या गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का तेही आधी विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा भार हलका झाला आहे.

बोनस कोणत्या महिन्यात हातात पडतो, जॉइनिंग बोनस परत करावा लागतो का, नोटीस किती दिवसांची, हे नेमणूकपत्रात बघून तारीख ठरवा. रिलीव्हिंग लेटर आणि फॉर्म १६ घेतल्याशिवाय विषय संपला असं समजू नका. आणि शेवटच्या दिवशी कुणाला चार शब्द सुनावू नका. परत यायची वेळ आली तर याच माणसांना फोन करावा लागेल.

वर्षातून एकदा आढावा

परतीची वाट पहिल्या दिवसापासून उघडी ठेवा. मी अजून दर आठवड्याला दोन तास कोड लिहिते, संस्थेच्या नोंदींसाठी छोटी साधनं करते. जुन्या टीमपैकी चौघींशी बोलणं चालू आहे.

दर १ मे रोजी, सुट्टी असते म्हणून, आम्ही दोघं तीच वही काढतो. तीन आकडे नव्याने मांडतो. पुढच्या आकड्याचे पैसे खरंच बाजूला पडले का ते पासबुकात बघतो. मग मी चार आठवड्यांची दोन-दोन ओळींची नोंद पुन्हा करते, पहिल्या पायरीसारखीच. गेल्या वर्षीच्या नोंदीत ‘माणसं’ सहा वेळा आलं होतं. एका शाळेशी वाद चालू होता. ‘मोल’ एकदाही नव्हतं. पानाच्या तळाशी नवऱ्याच्या अक्षरात आहे: ‘फ्रीज आता बदलायचा. पॉलिसी ऑगस्टमध्ये. फुटबॉलचे बूट.’